आमाच्या धाऱ्यावरची फुलपाखरं

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी फुलपाखराचा फोटो काढून पाहिलाय? काढला असेल, तर हे इवलेसे जीव किती छळतात ते मी सांगायला नकोच. फुलपाखरू फुलावर बसतं. आपण श्वास रोखून दोन पावलं पुढं सरकतो. कॅमेरा डोळ्याला लावतो, आणि स्वारी भुर्र! नंतर बघावं तर फूल अगदी झकास आलेलं असतं आणि कोपऱ्यात अर्धा पंख.

माझ्याकडं अशा अर्ध्या पंखांचा भलामोठा संग्रह आहे. पण आज सांगणार आहे ती त्याहूनही बिघडलेल्या एका फोटोची गोष्ट. त्यासाठी आपल्याला पार हिमालयात जावं लागेल. स्वेटर घेतलात ना? चला तर मग.

मे १९९६ मधली ही गोष्ट. कुमाऊँचा डोंगराळ मुलूख तेव्हा उत्तर प्रदेशातच होता. उत्तराखंड राज्य झालं ते पुढं, नोव्हेंबर २००० मध्ये. दिल्लीहून रात्रीच्या गाडीनं काठगोदामला उतरायचं. तिथं रेल्वेचे रूळ संपतात, कारण पुढं डोंगरच सुरू होतो. मग बस. अल्मोडा, बेरीनाग, थल अशी गावं घेत, वळणं मोजत आणि पोटातलं पोटातच ठेवायची पराकाष्ठा करत ती मुनस्यारीला पोचते. वाटेत बिर्थीचा धबधबा लागतो. त्यापुढं कालामुनीची खिंड. तिथल्या देवळात इतक्या घंटा बांधलेल्या आहेत की वारा सुटला की पुजाऱ्याची गरजच नाही!

खिंड ओलांडली आणि समोर पंचाचूली! बर्फाची पाच शिखरं एका ओळीत. त्यांतलं सर्वांत उंच ६,९०४ मीटरचं. पांडवांनी स्वर्गाच्या वाटेवर शेवटचा स्वयंपाक रांधला, त्या या पाच चुली, असं तिथले लोक सांगतात. बघा, चूल तिथंही आहे आणि आपल्याकडंही.

मुनस्यारी हा शौका लोकांचा भाग. हे लोक मेंढ्यांच्या पाठीवर धान्य लादून उंच खिंडी ओलांडायचे आणि तिबेटातून मीठ, लोकर घेऊन यायचे. १९६२ च्या युद्धानंतर तो व्यापार थांबला. लोकरीचं विणकाम मात्र चालू राहिलं. इथल्याच जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे नैनसिंह रावत १८६६ साली वेष पालटून ल्हासापर्यंत पोचले होते आणि सगळी वाट त्यांनी चक्क पावलांनी मोजली होती. त्यांच्या हातात जपमाळ असायची. मणी मात्र १०८ नव्हते, बरोबर १००. शंभर पावलं झाली की एक मणी पुढं! बघणाऱ्याला वाटे, काय हा भाविक माणूस! सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात तिबेटची ती वाट उमटली, ती अशी.

पण मी गेलो होतो फुलपाखरांसाठी. मुनस्यारीहून खाली गोरीगंगेच्या बाजूला उतरलं की उतारावर छोटी छोटी गावं आहेत. अशाच एका गावात शाळेच्या मास्तरांनी मला आठ दिवसांसाठी खोली दिली. गावाचं नाव सांगत नाही, पुढं गोष्ट आहे त्या माणसांची परवानगी घ्यायची राहिली म्हणून.

पहिल्याच सकाळी दगडी भिंतीवर एक केशरी फुलपाखरू पंख पसरून बसलेलं दिसलं. केशरीवर काळे ठिपके आणि पंखांच्या काठानं निळ्या टिकल्यांची झालर. इंग्रजीत त्याला इंडियन टॉर्टॉइजशेल म्हणतात. सकाळची वेळ फोटोसाठी सर्वांत चांगली, बरं का. रात्रीच्या थंडीनं फुलपाखराचं अंग गार पडलेलं असतं आणि अंग तापल्याशिवाय त्याला उडताच येत नाही. म्हणून ते उन्हात पंख पसरून बसून राहतं. आपण गुडघ्यावर रांगत जायचं, आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. सावली पडली की संपलंच! मी आपला हे सगळे नियम पाळत पोटावर सरपटत पुढं गेलो आणि कोपर टेकलं ते नेमकं सिसूणावर.

सिसूण म्हणजे बिच्छू घास. नावातच विंचू! पानांवर बारीक काचेसारखे केस असतात. ते टोचले की जो काही दाह होतो, तो मी इथं लिहीत नाही. मी बोंब ठोकली. फुलपाखरू उडालं. आणि भिंतीवर बसलेला सात-आठ वर्षांचा एक पोरगा हसता हसता खाली पडायचा राहिला.

हसून झाल्यावर त्यानं शेजारच्याच एका झाडाचं रुंद पान चुरगाळून माझ्या कोपराला चोळलं. आग जरा निवली. मग म्हणाला, “दाज्यू, तितली तर सिसूणाजवळच असणार!” दाज्यू म्हणजे दादा. त्याचं म्हणणं अगदी खरं होतं. या फुलपाखराची मादी अंडी घालते तीच मुळी सिसूणावर, कारण तिच्या सुरवंटांचं जेवण तेच. ज्या पानाला गाय तोंड लावत नाही, त्यात बाळं कशी सुखरूप राहतात! पुस्तकात हे मी वाचलं होतं. कोपर टेकताना आठवलं नाही, इतकंच.

त्या पोराची आजी म्हणजे आमा. कुमाऊँत आजीला आमा म्हणतात. वय असेल तेव्हा पन्नासच्या आसपास. सगळं गावच तिला आमा म्हणायचं, मीही म्हणायला लागलो. तिची माझी पहिली भेट मात्र काही चांगली झाली नाही. चूक माझीच होती.

गावाच्या वरच्या अंगाला एक धारा होता. डोंगरात मुरलेलं पाणी खडकांच्या भेगांमधून वाट काढत जिथं बाहेर पडतं, तिथं दगडी तोंड बसवून त्याची धार काढायची, तो धारा. पाणी झिरपून एका चौकोनी दगडी कुंडात साठत असेल, तर तो नौला. कुमाऊँत कित्येक शतकांपूर्वीचे कोरीव नौले अजून पाहायला मिळतात, आणि लग्न होऊन आलेली नवी सून आधी गावच्या पाण्याची पूजा करते. आमाच्या गावच्या धाऱ्याचं दगडी तोंड गाईच्या मुखाचं होतं. मनगटाएवढी जाड धार त्यातून पडायची आणि सांडलेल्या पाण्यानं खाली अंगणभर चिखल झालेला असायचा.

दुपारी बाराच्या उन्हात मी तिथं पोचलो आणि जागच्या जागी थिजलो. चिखलावर तीस-चाळीस फुलपाखरं दाटीवाटीनं बसलेली! चिमुकली निळी, पांढरी, पिवळी, आणि मधोमध तळहाताएवढी दोन काळी, ज्यांच्यावर हिरव्या-निळ्या सोनेरी भुकटीचा सडा घातल्यासारखा वाटत होता. कॉमन पीकॉक! आपण मयूर म्हणू. हेच पुढं २०१६ साली उत्तराखंडचं राज्य फुलपाखरू झालं. (त्याच्या आदल्या वर्षी महाराष्ट्रानं ब्लू मॉर्मॉन, म्हणजे आपल्या राणी पाकोळीला तो मान दिला. असं करणारं आपलं राज्य देशात पहिलं.) तुम्ही म्हणाल, फुलं सोडून चिखलात काय ठेवलंय? चिखलात असतात क्षार. फुलातल्या मधात ते फारसे नसतात. बहुतेक वेळा नर फुलपाखरंच असे क्षार शोषायला जमतात आणि मीलनाच्या वेळी ते मादीला देतात. म्हणजे अंड्यांतल्या बाळांसाठी खाऊच म्हणा ना.

माझ्या कॅमेऱ्यात तेव्हा रोल असायचा, ३६ फोटोंचा. त्यातले सहाच उरले होते आणि दुसरा रोल खाली खोलीवर. काढलेला फोटो कसा आला ते रोल धुऊन आल्यावरच कळणार! मी एकेक इंच पुढं सरकत होतो, इतक्यात वाटेवर पावलं वाजली. डोक्यावर तांब्याची गागर आणि पाठीवर गवताचा भारा घेतलेली एक बाई येत होती. मी हात वर करून जवळजवळ ओरडलोच, “थांबा! पुढं येऊ नका!”

ती थांबली. भारा दगडाला टेकवून उभी राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. “झालं?” तिनं विचारलं. मी मानेनंच नाही म्हटलं.

“मग तू बस,” ती हिंदीत म्हणाली. “माझी गाय तहानलेली आहे.”

आणि ती सरळ चिखलातून चालत धाऱ्याखाली गेली. फुलपाखरांचा एक ढग उठला. मी कपाळावर हात मारला. तिनं शांतपणे गागर विसळली, भरली, डोक्यावर घेतली आणि बाजूला झाली. मिनिटभरात तो सगळा ढग पुन्हा चिखलावर उतरला! तीच जागा, तीच दाटी. ती रोज चार वेळा तिथं येत होती. आधी कितीतरी वर्षं येत होती. तिच्या पावलांना फुलपाखरं सरावलेली होती. रांगत येणारं, काळं चकचकीत तोंड असलेलं जनावर त्यांना नवीन होतं.

मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू! माझ्या एका फोटोसाठी, डोक्यावर-पाठीवर ओझं असलेल्या बाईला मी तिच्याच पाण्यापाशी अडवून ठेवलं होतं. मी माफी मागितली. तिनं हात उडवला आणि विचारलं, “ते मोठं निळं-हिरवं हवंय ना तुला? मग तिमूरपाशी का बसत नाहीस?”

तिच्या गोठ्यामागं तिमूरचं झुडूप होतं. सगळ्या अंगाला काटे. याची काडी तिथले लोक दात घासायला वापरतात. आमानं एक पान चुरगाळून माझ्या नाकाशी धरलं आणि मी एकदम दीड हजार किलोमीटर दूर, कोकणात आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात! चुलीवर बांगड्याची आमटी आणि त्यात ठेचून टाकलेली तिरफळं. अगदी तोच वास. घरी येऊन पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, तिमूर आणि आपलं तिरफळ ही एकाच कुळातली भावंडं. एवढंच नाही, तर सह्याद्रीतलं मलबार बँडेड पीकॉक हे देखणं हिरवं फुलपाखरू तिरफळावर अंडी घालतं, आणि हिमालयातलं मयूर तिमूरवर. दोघांच्या सुरवंटांना आपल्या आमटीचीच चव! लिंबू, कढीपत्ता हीसुद्धा त्याच मोठ्या घराण्यातली मंडळी. तुमच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं दिसलं, तर झटकू नका. काडीनं हलकेच डिवचा. त्यानं डोक्यातून नारिंगी शिंगं बाहेर काढून घाण वास सोडला, तर समजा की तो सुरवंट आहे आणि तुमच्यावर चिडलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिमूरपाशी नुसता बसून राहिलो. रांगलो नाही, धावलो नाही. साडेनऊला मयूर मादी आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर एकेका पानावर अंडी ठेवत फिरली. त्या आठ दिवसांतले माझे सर्वांत चांगले फोटो तिथलेच. ज्यांच्याकडं एकही पुस्तक नव्हतं त्या बाईनं मला ती जागा दाखवली होती. त्या रात्री आमाकडं जेवलोही. भाकरी मडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची. आणि लोखंडी कढईत शिजवलेली भाजी कसली, ओळखा पाहू? सिसूणाची! शिजवलं की त्याचा डंख जातो. मी सूड घेतल्यासारखी दोनदा वाढून घेतली.

निघायच्या दिवशी मी आमाला विचारलं, फोटो काढू का? ती धाऱ्यावरच होती. “काढ. पण मला पाठव,” ती म्हणाली. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. मी बटण दाबायला आणि तिनं गागर उचलायला एकच गाठ पडली. तिचा पत्ता मी बसच्या तिकिटामागं लिहून घेतला.

रोल धुऊन आला. आमाचा चेहरा पार हललेला, ओळखू येईना. असला फोटो कसा पाठवायचा, म्हणून आज-उद्या करत राहिलो. मग तिकीट हरवलं. मग, खरं सांगतो, मी विसरलो.

त्यानंतर तेवीस वर्षांनी, मे २०१९ मध्ये मी पुन्हा त्या गावी गेलो. या वेळी कॅमेऱ्यात रोल नव्हता. वाटेत वनखात्याच्या एका गार्डनं बॅग उघडून दाखवायला सांगितली. जाळं नाही ना, डबे नाहीत ना, ते त्यानं नीट पाहिलं. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. हिमालयातली दुर्मिळ फुलपाखरं चोरून विकली जातात. २००८ साली दार्जिलिंगकडच्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कीटक गोळा केल्याबद्दल दोन परदेशी संशोधकांना अटक झाली होती. याच पिथौरागढ जिल्ह्यातल्या डीडीहाटचं एक गोल्डन बर्डविंग तर २०२० साली भारतातलं सर्वांत मोठं फुलपाखरू ठरलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत १९४ मिलिमीटर! पट्टी घेऊन मोजून बघा. त्याआधीचा मान १९३२ पासून सदर्न बर्डविंगकडं होता, १९० मिलिमीटरचा. ते आपल्या सह्याद्रीत दिसतं. चार मिलिमीटरनी हरलो!

असो. आमा होती. पंच्याहत्तरीला टेकलेली, पाठीत वाकलेली, पण डोळे तेच. भिंतीवर बसून मला हसणारा पोरगा आता तीस वर्षांचा बाप्या होऊन गावात दुकान चालवत होता. मी चाचरत पिशवीतून तो फोटो काढला. आमानं तो उन्हाकडं धरला. बराच वेळ पाहिला. म्हणाली, “माझं तोंड कुठं आहे?”

सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? फोटो हातोहात फिरू लागला आणि हळूहळू हसणं थांबलं. कुणीच आमाकडं बघत नव्हतं. सगळे तिच्या मागं बघत होते. आमाचा चेहरा हलला होता, पण दगड हलला नव्हता. गाईचं मुख स्वच्छ आलं होतं, आणि त्यातून सुटलेली धार भिंतीपासून हातभर लांब पडताना दिसत होती.

आम्ही सगळे वर गेलो. गाईचं मुख तिथंच होतं. पाणी मात्र मुखाच्या खालच्या ओठाला चिकटून, भिंतीवरून ओघळत खाली येत होतं. करंगळीएवढं. त्याखाली प्लास्टिकची एक बादली लावलेली. चिखल नव्हताच, भेगाळलेली माती होती. टाकीच्या नळाला जिथं गळती होती तिथं दोन पांढरी फुलपाखरं बसली होती. एका दुपारवरून फुलपाखरं कमी झाली असं म्हणू नये, हे मला कळतं. पण पाण्याचं तसं नव्हतं. ते तर फोटोतच होतं.

हे एकाच गावाचं नाही. हिमालयातले जवळजवळ निम्मे झरे आटत चालले आहेत, असं नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं आहे. पाऊस पडण्याची रीत बदलली, रस्त्यांसाठी डोंगर कापले गेले, जंगलं विरळ झाली, अशी बरीच कारणं आहेत. गावातले म्हातारे म्हणत, पूर्वी वर बांजचं रान होतं. बांज म्हणजे तिथला ओक. त्याच्या पालापाचोळ्याची जाड गादी पाणी धरून ठेवायची आणि सावकाश डोंगरात मुरू द्यायची. आता तिथं चीड वाढलाय. पण तरुण पोरांना हे नेहमीचं रडगाणं वाटायचं. ‘आमच्या वेळी’ असं म्हणत सगळेच म्हातारे काही ना काही मोठं करून सांगतात! हातभर लांब पडणारी धार त्यांनी पाहिलीच नव्हती. ती आता त्यांच्या हातात होती.

दुकानदारानं फोटो मागून घेतला आणि दुकानात वजनकाट्याच्या वर चिकटवला. येणारा प्रत्येकजण तो बघायचा. दोन दिवसांनी तिथं बरीच वादावादी झाली. चीडच वाईट म्हणून एकजण तावातावानं बोलत होता, रस्त्याच्या सुरुंगांनी झऱ्याची वाट मोडली असं दुसऱ्याचं म्हणणं. मग बायकांपैकी कुणीतरी म्हणालं की, भांडण नंतर करा, आधी खाल उपसू. खाल म्हणजे धाऱ्याच्या वर, डोंगराच्या सपाट खोबणीत पावसाचं पाणी साठवायला खणलेला खड्डा. पूर्वीच्या लोकांनी खणलेले दोन खाल वर होते, मातीनं बुजलेले. तिथं पाणी साठलं तर ते मुरतं, आणि मुरलं तर कधीतरी खाली येतं.

जाण्याआधी आमानं मला धाऱ्यावर बोलावलं. फोटो पुन्हा काढायचा म्हणून. मी कॅमेरा काढला तशी म्हणाली, “थांब!” मग ती खाली घरी गेली. तोंड धुतलं, केस विंचरले, डोक्याला नवा रुमाल बांधला, आणि सावकाश वर चढून आली. मी भर उन्हात चांगला अर्धा तास थांबलो. हिशेब फिटला! या वेळी मी पत्ता वहीत लिहिला आणि फोटो तीन आठवड्यांत रजिस्टर पोस्टानं पाठवला.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर त्या दुकानदाराचा मोबाईलवर एक फोटो आला. खाली लिहिलं होतं, “दाज्यू, तितली आली होती, पण उडाली.” फोटोच्या कोपऱ्यात काळ्या-हिरव्या रंगाचा अर्धा पंख होता. त्याच्या मागं गाईचं मुख. धार माझ्या फोटोतल्यासारखी हातभर नव्हती. पण भिंत सोडून, चांगली वीतभर पुढं पडत होती.